तू पाठवलेल्या व्हिडिओबद्दल

निशी-कासाई, टोकियो
२८ सप्टेंबर २०२५

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

परवा तू घरच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ पाहिला. धाकटीने त्यावर काहीतरी खूण टाकली, आईने काहीच लिहिलं नाही, आणि मीही गप्प राहिलो, कारण जे सांगायचं होतं ते ग्रुपवरच्या दोन ओळींत मावणारं नव्हतं. पाणीपुरीच्या गाडीवरचा सतरा-अठरा वर्षांचा पोरगा. भोवती पाच-सहा जण, एकाचा हात त्याच्या मानेवर. आणि मराठी बोलला नाही म्हणून तो कान धरून, धड न येणाऱ्या मराठीत माफी मागतोय. खाली तू लिहिलंयस, ‘असंच पाहिजे यांना.’

तुझा राग कुठून येतो हे मला कळतं. तू इथल्या जपानी शाळेत वाढलास. पुण्याला गेल्यावर तुझ्या मराठीला वर्गातली पोरं हसायची, आणि तू चिडून न बसता आजीकडून रोजचा पेपर मोठ्याने वाचून घेत भाषा पक्की केलीस. मी एवढे कष्ट घेतले, मग इथे धंदा करणाऱ्याने का घेऊ नयेत, असं तुला वाटत असणार. यात चुकीचं काही नाही. मराठीची काळजी तुझ्याइतकीच मलाही आहे. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला तेव्हा मी इथून किती अस्वस्थ होतो ते तू फोनवर ऐकलंयस. २९ जूनला सरकारने तो मागे घेतला, त्या दिवशी आईने शिरा केला होता. लोकांनी एकत्र येऊन सरकारला माघार घ्यायला लावली, याचा मला मनापासून अभिमान वाटला.

पण तो व्हिडिओ वेगळा आहे. तो मी इथे बसून पाहिला, जिथे बाहेरून आलेला माणूस मी आहे. त्यामुळे मला त्यात आधी दिसला तो मानेवरचा हात.

या उन्हाळ्यात इथे जे झालं ते तुझ्या कानावर तुटक तुटक आलं असेल. आधी तांदूळ. गेल्या वर्षी उन्हाळ्यात दुकानांतली तांदळाची फडताळं रिकामी झाली आणि या वसंतात पाच किलोची पिशवी चार हजार येनच्या वर गेली, म्हणजे वर्षभरात जवळपास दुप्पट. कृषिमंत्री भाषणात म्हणाले की आपल्याला तांदूळ कधी विकत घ्यावा लागत नाही, समर्थकच देतात. मे महिन्यात त्या वाक्यापायी त्यांना राजीनामा द्यावा लागला. नव्या मंत्र्यांनी सरकारी साठ्यातला जुना तांदूळ दोन हजार येनच्या आसपास विकायला काढला आणि सुपरमार्केटांपुढे पहाटेपासून रांगा लागल्या. एका कुटुंबाला एक पिशवी. मीही उभा राहिलो. आपल्या घरी वरणभाताला इथलाच बुटका, चिकट तांदूळ लागतो, तुला माहीत आहे.

रांगेत माझ्यापुढे दोन वयस्क गृहस्थ बोलत होते. टंचाई कशामुळे, तर परदेशी लोक फार झालेत, पर्यटक सुशी खाऊन खाऊन तांदूळ संपवतात, आणि इथे राहणारेही आता पिशव्या भरून नेतात. ते माझ्याबद्दल बोलत नव्हते. मी मागे आहे हेही त्यांच्या लक्षात नसावं. आवाज चढलेला नव्हता, शिवी नव्हती. तरी माझी पाळी आली तेव्हा मी दुकानातल्या मुलीला नको इतकं वाकून ‘धन्यवाद’ म्हणालो आणि पिशवी पटकन कापडी थैलीत घातली. चोरीचा माल घरी नेत असल्यासारखं वाटलं. पूर्ण पैसे देऊन घेतलेला तांदूळ होता तो.

आता खरं कारण काय? १९७० पासून जवळजवळ अर्धं शतक इथल्या सरकारने शेतकऱ्यांना भातशेती कमी करायला सांगितलं, भाव पडू नयेत म्हणून. २०१८ मध्ये ते धोरण कागदावरून गेलं, पण भाताऐवजी दुसरं पीक घेण्यासाठीचं अनुदान चालूच राहिलं. शेतकरी म्हातारे झाले. २०२३ च्या भीषण उन्हाळ्याने दाण्याची प्रत बिघडवली. मग दुकानांतली घबराट. पर्यटकांचं खाणं या सगळ्यात चिमूटभर. पण धोरण डोळ्यांना दिसत नाही आणि रांगेत उभा असलेला सावळा माणूस दिसतो.

पाठोपाठ २० जुलैला वरिष्ठ सभागृहाची निवडणूक झाली. ‘जपानी लोक आधी’ ही घोषणा घेऊन उतरलेल्या सान्सेइतो पक्षाने १४ जागा जिंकल्या आणि सत्ताधारी आघाडीचं बहुमत गेलं. देशात परदेशी रहिवासी २०२४ च्या अखेरीस ३७ लाखांच्या वर होते, लोकसंख्येच्या तीन टक्के. प्रचारात ऐकलं असतंस तर तीस टक्के वाटले असते. स्टेशनबाहेर एका उमेदवाराच्या गाडीवरून घोषणा चालू होत्या तेव्हा धाकटी क्लासहून येत होती. तिने मला विचारलं, “बाबा, ‘परदेशी’ म्हणजे मीपण का?” तिचा जन्म इथला, तिच्या मैत्रिणी इथल्या, ती स्वप्नं जपानीत पाहते. तिला मी काय उत्तर दिलं ते महत्त्वाचं नाही. तिला तो प्रश्न पडला, हे मला लागलं.

आणि याच जुलैत तिकडचं मीरा रोडचं प्रकरण माझ्या फोनवर येत होतं, मराठी बोलण्यावरून मिठाईवाल्याला मारहाण झाली ते. एका हाताने मी स्टेशनवरचं पत्रक धरलेलं आणि दुसऱ्या हातात ती बातमी. मला दोन्हींकडे एकाच वेळी पाहावं लागलं, आणि तेव्हापासून मी आजोबांचा फार विचार करतोय.

आजोबांची गोष्ट तुला तुकड्यांत माहीत आहे, आज नीट सांगतो. ते लालबागला गिरणीत साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. आजोबांची नोकरी गेली ती गेलीच. पुढे त्यांनी वॉचमनकी केली, ज्या हातांनी चार-चार साचे सांभाळले त्या हातांनी दुसऱ्यांच्या मोटारींसाठी फाटक उघडलं. चाळीत तेव्हा रोज रात्री एकच बोलणं असायचं की मुंबई आपली राहिली नाही, यांनी आपल्या पोटावर पाय दिला. ‘यांनी’ म्हणजे आधी दाक्षिणात्य, मग टॅक्सीवाले, दूधवाले, फेरीवाले. त्या रागाला मी खोटा म्हणणार नाही. घरात चूल पेटायची पंचाईत असलेल्या माणसांचा तो राग होता आणि त्यांना दुसऱ्या कुणी जवळ केलं नव्हतं.

पण गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं ते बघ. १९९१ च्या नियमाने ती जमीन तीन वाट्यांत विभागायची होती: मालक, महापालिकेची मोकळी जागा आणि म्हाडाची घरं. २००१ मध्ये त्या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. शेड पाडून जे मोकळं झालं ते वाटणीतून सुटलं. जिथे आजोबांचा भोंगा वाजायचा तिथे आज काचेचे मनोरे आहेत. ती दुरुस्ती कुठल्या भेळवाल्याने केली नव्हती. आणि ज्यांनी केली त्यांच्या मानेवर कुणी हात ठेवल्याचं मला आठवत नाही.

आजीला एकदा विचार, संपाच्या दिवसांत दूध कुठून यायचं. आमचा दूधवाला जौनपूरचा होता. महिनोन्‌महिने त्याने उधारीवर दूध घातलं, माझ्यासाठी आणि आत्यासाठी. तो आजीशी मोडक्या मराठीत बोलायचा, आजी त्याच्याशी मोडक्या हिंदीत. त्याचे सगळे पैसे फिटायला किती वर्षं लागली, तेही तिलाच विचार.

सोन्या, तुला १ सप्टेंबर आठवतो का? शाळेत खुर्चीच्या पाठीला लावलेली ती जाड कापडी टोपी डोक्यावर घालून तुम्ही बाकाखाली शिरायचात. तो दिवस भूकंपाच्या तयारीचा, कारण १९२३ च्या त्या दिवशी इथे महाभूकंप झाला आणि त्यात लाखाच्या वर माणसं गेली. शाळेत एवढं शिकवलं. पुढचं मला सेन्सेईंनी, म्हणजे माझ्या जपानीच्या शिक्षिकेने सांगितलं, त्यांच्याबद्दल पुढे लिहितो. भूकंपानंतर आग लागलेली, वर्तमानपत्रं बंद, आणि अफवा उठली की कोरियन लोक विहिरींत विष टाकताहेत. गावोगाव तरुणांनी टोळ्या केल्या. नाक्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ‘पंधरा येन पन्नास सेन’ म्हणायला लावायचे. ज्याचा उच्चार जपानी कानाला खटकला, तो मेला. रियोगोकूजवळ योकोआमिचो बागेत त्यांचं स्मारक आहे, त्यावर सहा हजारांहून अधिक असा आकडा कोरलेला आहे.

यंदा १ सप्टेंबरला मी रजा काढून तिथे गेलो. दर वर्षी तिथे प्रार्थना होते. पूर्वी टोकियोचे राज्यपाल शोकसंदेश पाठवत, २०१७ पासून तो येणं बंद झालंय. पण तिथे जमलेले बहुतेक लोक जपानीच होते, म्हातारे, हातात फुलं घेतलेले. आपल्याच लोकांनी केलेलं पाप विसरलं जाऊ नये म्हणून ते उन्हात उभे राहतात. त्यांच्याविषयी मला फार आदर वाटला, आणि हा देश मला का आवडतो हे विचारलंस तर मी आधी त्या म्हाताऱ्यांचं नाव घेईन, बुलेट ट्रेनचं नंतर.

तिथेच एकाने मला फुकुदा गावाची हकिगत सांगितली. चिबात, आपण नदीकाठी सायकली घेऊन जायचो त्याच बाजूला. भूकंपानंतर पाच दिवसांनी कागावाहून आलेले औषधविक्रेते नदी ओलांडायला थांबले होते. कागावा जपानातच आहे, शिकोकू बेटावर. ही माणसं जपानीच. पण त्यांची बोली गावकऱ्यांना ओळखू येईना, म्हणून ते कोरियन असणार असं ठरलं. नऊ जणांना मारलं, त्यात लहान मुलं होती, एक गरोदर बाई होती. त्या रात्री मला झोप आली नाही. बोलीवरून परका ठरवायला सुरुवात केली की वर्तुळ किती लहान होत जातं याला तळ नाही. तुझ्या मराठीला पहिल्या वर्षी हसणारी पोरं आठव. त्यांच्यातला एखादा जरा जास्त संतापी असता तर?

आता तसं काही होत नाही म्हणशील. होत नाही, खरंच. पण गेल्या महिन्यात योकोहामात आफ्रिकी देशांबरोबर परिषद झाली. जायका या सरकारी संस्थेने देवाणघेवाण वाढावी म्हणून चार जपानी शहरांना चार आफ्रिकी देशांचं ‘माहेरगाव’ म्हणून जाहीर केलं. दोन दिवसांत अफवा पसरली की ही शहरं आफ्रिकी लोकांना वसायला देऊन टाकली. त्या नगरपालिकांचे फोन वाजून वाजून कामं ठप्प झाली. आणि या गुरुवारी जायकाने सगळी योजनाच मागे घेतली.

मी हे सगळं लिहितोय म्हणून इथले लोक वाईट आहेत असं मनात आणू नकोस. मार्च २०११ तुला पुसट आठवत असेल. मोठ्या भूकंपानंतर, २३ तारखेला, कानामाची जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात तान्ह्या मुलांसाठीच्या मर्यादेपेक्षा जास्त किरणोत्सारी आयोडीन सापडल्याचं जाहीर झालं. आपल्या भागाला पाणी तिथूनच. धाकटी तेव्हा अंगावरची होती. दुकानांत पाण्याची एक बाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी महानगर सरकारने प्रत्येक तान्ह्या मुलामागे ५५० मिलिलिटरच्या तीन बाटल्या वाटल्या. मी रांगेत उभा राहिलो, मूल किती महिन्यांचं एवढंच विचारलं, बाटल्या हातात दिल्या. परदेशी नागरिकांचं नोंदणी कार्ड मी हातात तयार धरलं होतं, ते कुणी पाहिलंही नाही. त्याच आठवड्यात आपल्या ओळखीची कितीतरी कुटुंबं विमान पकडून भारतात गेली. आपण राहिलो. आईला विचारलंस तर ती सांगेल, त्या तीन बाटल्यांमुळे राहिलो.

हेच शहर, हीच माणसं. २०११ ची रांग आणि यंदाची तांदळाची रांग. दोन्ही मी पाहिल्या. माणसं बदलली नाहीत, त्यांना मधल्या काळात काय ऐकवलं गेलं ते बदललं.

आता भाषेचं. मी जपानी कशी शिकलो? मंगळवारी संध्याकाळी वॉर्डाच्या सभागृहात निवृत्त लोक परदेशी माणसांना शिकवायचे, फी नावापुरती. माझ्या सेन्सेई सत्तरीच्या होत्या, आयुष्यभर पोस्टात काम केलेल्या. मी चुकलो की त्या ‘चूक’ असं म्हणत नसत. माझंच वाक्य बरोबर करून, जणू गप्पांच्या ओघात, परत म्हणत. कचऱ्याचे वार, पोराच्या शाळेची चिठ्ठी, डॉक्टरला दुखणं कसं सांगायचं, असा त्यांचा अभ्यासक्रम. पुढे त्यांनीच मला डिसेंबरअखेरच्या आगीच्या गस्तीला नेलं, ते लाकडी दांडके ठोकत ‘आगीपासून जपा’ म्हणत गल्लीतून फिरायचं असतं ना, ते. माझा आवाज मोठा म्हणून मला पुढे ठेवायचे. ती गस्त घातल्यापासून ही गल्ली मला माझी वाटते. इथे घर शोधताना पहिल्या एजंटाने परदेशी चालत नाहीत म्हणून सरळ नकार दिला होता, त्या दिवशी मला या भाषेचा एक शब्दही शिकावासा वाटला नव्हता. तोही मीच होतो.

जपानने २०१९ मध्ये जपानी भाषेच्या शिक्षणाला चालना देण्यासाठी कायदा केला. परदेशी रहिवाशांना शिकायची संधी मिळवून देणं ही सरकारची आणि स्थानिक संस्थांची जबाबदारी, असं त्यात लिहिलंय. अंमलबजावणी कमी-जास्त असेल, पण दिशा मला पटते. महाराष्ट्राने २०२० मध्ये सगळ्या शाळांत मराठी सक्तीची केली, ते उत्तम झालं. पण तो पाणीपुरीवाला पोरगा शाळेच्या वयातून बाहेर पडलाय. सकाळी पुऱ्या तळतो, रात्री अकराला गाडी धुतो. त्याने मराठी शिकायचं म्हटलं तर कुठे जायचं? मला असं एक ठिकाण सांग आणि मी माझं म्हणणं मागे घेतो.

बँकेत, रेल्वेत, मॉलमध्ये, विम्याच्या कार्यालयात मराठीत उत्तर मिळालंच पाहिजे, याबद्दल मी तुझ्याबरोबर उभा आहे. त्यासाठी लेखी तक्रार कर, पाठपुरावा कर, मित्रांना घेऊन कर, मी इथून मसुदे तपासून देतो. त्या कंपन्यांकडे पैसा आहे, शिकलेली माणसं आहेत, त्यांना सबब नाही. पण तिथल्या साहेबाची मान कुणी धरत नाही, आणि गाडीवाल्याची धरतात. हा फरक तुझ्या नजरेतून सुटावा असं मला वाटत नाही. तू आजोबांचा नातू आहेस.

एक करून बघशील? तुमच्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना आहे, तुझा मित्र तिच्यात आहे असं म्हणाला होतास. आठवड्यातून एक दिवस, गाडीवाले, वॉचमन, डिलिव्हरीची पोरं यांच्यासाठी मराठीचा वर्ग. व्याकरण नको. सुट्टे पैसे, पत्ता, दवाखाना, भाव, नमस्कार. रात्रीचा उशिराचा वर्ग घ्यावा लागेल, कारण त्यांचा धंदा संध्याकाळचाच. सोमवारी गाड्या कमी असतात का ते आधी पाहा. वर्गात येणारे सुरुवातीला दोन-तीनच असतील, आमच्याही वर्गात पावसाळ्यात तेवढेच असायचे आणि सेन्सेई तरी यायच्या.

त्यांच्या पहिल्या काही धड्यांचे कागद माझ्याकडे आहेत, हाताने काढलेल्या चित्रांचे. कुठला विषय आधी, कुठला नंतर, हे त्यांनी फार विचार करून लावलं होतं. आज संध्याकाळी स्कॅन करून पाठवतो. मराठीसाठी त्यात काय बदलावं लागेल ते तू आणि आजी मिळून ठरवा, आजीचा आवाज वर्गाला चांगला आहे. आणि तुला माझं काही पटलं नसेल तर फोनवर नको, मलाही असंच सविस्तर लिही.

आजीच्या गुडघ्याचं औषध बदललं का ते कळव. आई नोव्हेंबरात येतेय, तिच्याबरोबर काय पाठवू त्याची यादी कर.

तुझा,
बाबा